आर्वोची उपडी बादली

सन्माननीय अध्यक्ष तथा आपल्या टाउनशिपचे प्रमुख मिस्टर ट्रेम्बले, व्यासपीठावर बसलेल्या पास्टर मार्लिसबाई, रस्ते खात्याचे दोन अधिकारी, ज्यांची नावं मला चिठ्ठीवर लिहून दिली होती पण चिठ्ठीवर कॉफी सांडली, आजचे सत्कारमूर्ती आर्वो पेल्टोला, आणि मागच्या टेबलावरच्या खिमा-बटाटा भरलेल्या पास्टी गार होतायत या काळजीत बसलेल्या माझ्या सर्व शेजाऱ्यांनो,

मी लेम्पी राउतिओ. ओढ्याकाठची. माझं शिक्षण सहावी, तेही शेवटचे चार महिने बटाटे काढण्यात गेले. तेव्हा भाषणात काही चुकलं तर ते बटाट्यांवर घाला.

आत्तापर्यंत चार वक्ते बोलले. आर्वोने सदतीस वर्षं टाउनशिपच्या रस्त्यांची सेवा केली, असं चौघांनी सांगितलं. काय सेवा केली, ते कुणीच सांगितलं नाही. जेवणाआधी मेलेल्या जनावरांचा विषय नको, असं ठरलं असावं. मी सांगते. बीव्हर, म्हणजे ते चपट्या शेपटीचं, दातांनी झाडं पाडणारं जनावर, रस्त्याखालच्या मोरीत काटक्या आणि चिखल कोंबतो, पाणी तुंबतं, रस्ता वाहून जातो, मग आर्वोला फोन जातो. आर्वो बीव्हर पकडतो. आणि फक्त बीव्हरच पकडतो. हे जे शेवटचं वाक्य आहे ना, त्यासाठी मी आज उभी आहे. मला अध्यक्षांकडे एक मागणंही मागायचंय. गेल्या मंगळवारच्या बैठकीत ते म्हणाले, आर्वोच्या जागी कुणी पुढे येत नाही, तेव्हा काम बाहेरच्या ठेकेदाराला देऊ. तो ठेकेदार मी पाहिलाय. दिसेल त्या बांधाच्या माथ्यावर सापळा ठोकतो आणि आठवड्याने येऊन बघतो काय मेलंय ते. तर मागणं शेवटी. आधी गोष्ट.

अकरा वर्षांपूर्वीचा ऑक्टोबर. माझ्या घरापुढच्या मोरीवर बीव्हरांनी बांध घातला आणि पाणी माझ्या सौनाच्या पायरीला लागलं. आता सौना म्हणजे काय हे इथे कुणाला सांगायला नको. ती वाफेने न्हायची ओंडक्यांची खोली माझ्या सासऱ्याने बांधली. माझी दोन्ही मुलं तिथे जन्मली, आणि माझा नवरा वाइनो गेला तेव्हा त्याला शेवटची आंघोळही तिथेच घातली. तिचा खालचा ओंडका भिजायला लागला होता. एक हिवाळा पाण्यात काढला असता, तर वसंतात मी सौनाऐवजी सरपण मोजलं असतं.

मी आर्वोला फोन केला. आर्वो आला. गाडीतून एक बादली काढली, काठावर उपडी घातली, तिच्यावर बसला. संध्याकाळी उठून घरी गेला. दुसऱ्या दिवशी आला, बादलीवर बसला. तिसऱ्या दिवशीही तेच. मी विचारलं, तू बीव्हर पकडायला आलायस की त्यांच्यात सोयरीक जुळवायला?

तो म्हणाला, इथून कोण कोण जातं ते बघतोय.

मग त्याने मला सापळा दाखवला. दोन पोलादी चौकटी, वीतभराहून थोड्या मोठ्या, आणि मधोमध लोंबणाऱ्या दोन तारा. त्यांना आम्ही मिशा म्हणतो. मिशांना धक्का लागला की चौकटी मिटतात, आणि आत जे असेल त्याचा प्रश्न तिथेच संपतो. आर्वो त्या मिशा वाकवून एका कडेला सारतो आणि जरा घट्ट करतो, म्हणजे हलक्या धक्क्याने सापळा मिटत नाही. मी म्हटलं, का? तर म्हणाला, "या ओढ्यात पाणमांजर आहे, तीन पिल्लं घेऊन फिरतेय. ती सडपातळ, कडेने निसटून जाते. बीव्हर तुझ्यासारखा, दाराच्या दोन्ही बाजूंना घासून जाणारा."

मंडळी, माझा नवरा चाळीस वर्षं माझ्यासोबत राहिला आणि हे वाक्य त्याच्या तोंडून कधी निघालं नाही. मनात होतं का, ते वेगळं. मी आर्वोशी बोलणं बंद केलं.

आपल्याकडे बोलणं बंद करणं सोपं असतं. सुरू असतं तेव्हाही कुणाच्या फारसं लक्षात येत नाही. अडचण एकच, शनिवार. शनिवारी सौना तापली की शेजाऱ्याला दार उघडं. भांडण असलं तर ते बुटांसोबत बाहेर ठेवायचं. तेव्हा आर्वो दर शनिवारी येतच होता. मी कॉफी आणि वेलदोड्याचा पाव पुढे ठेवत होते, तो खात होता, आणि एक शब्द न बोलता आम्ही दोघं एकमेकांचा राग करत होतो. दोन आठवडे गेले. पाणी दुसऱ्या पायरीला लागलं. त्याचा एकही सापळा पाण्यात नव्हता. शेजाऱ्यांना सांगत होता म्हणे, पाणमांजरीचा रस्ता अजून नीट कळला नाही.

मग मी केलं ते सांगते. आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. पास्टरबाई, तुम्हालाही नाही.

वाइनोचा जुना सापळा माळ्यावर होता. एका शुक्रवारी दुपारी मी तो काढला, वाइनोचे रबरी बूट घातले आणि बांधावर गेले. बांधाच्या माथ्यावर एक खाच होती, गुळगुळीत झालेली, ये-जा असलेली. मी म्हटलं, हीच जागा. जाणाऱ्याची शेपूट चपटी आहे का, ते पाहून खात्री करायची काय गरज आहे? सापळा खाचेत, जेमतेम पाण्याखाली. मिशा मधोमध. घरी आले, हात धुतले, आणि मला फार बरं वाटलं. मूर्खपणा केल्यावर माणसाला किती बरं वाटतं हे तुम्ही कधी पाहिलंय का? अध्यक्षमहाराज, मान हलवू नका, प्रश्न सगळ्यांना होता.

शनिवार उजाडला. दिवस कलताना आर्वो आला. आत गेला, तापल्या दगडांवर पाणी मारल्याचा आवाज आला, अंगावर मारून घ्यायच्या बर्चच्या डहाळ्यांच्या जुडीचे फटके ऐकू आले. पूर्वी पुरुष सौनातून निघून ओढ्यापर्यंत दोनशे पावलं चालत जायचे. आता बीव्हरांच्या कृपेने तळं दारातच होतं. आर्वो लालबुंद होऊन बाहेर आला आणि पाण्यात शिरला. टॉवेल होता, पास्टरबाई. पायरीपर्यंत होता.

मी ओसरीवर कॉफीचं भांडं घेऊन उभी. आर्वो दोनदा डुबकी मारेल आणि परत येईल, नेहमीसारखा. पण आर्वो वळला आणि बांधाकडे चालू लागला. पाणी त्याच्या कमरेला. सरळ खाचेकडे.

आता माझी स्थिती बघा. ओरडले तर कबूल करावं लागणार की सापळा मी लावला, टाउनशिपच्या माणसाला न विचारता, रस्ता कुणाचा ते न बघता, रागाच्या भरात. नाही ओरडले, तर तो सापळा कुठल्या उंचीवर आहे आणि आर्वोचं काय कुठल्या उंचीवर आहे, हा हिशेब सहावी शिकलेल्या बाईलाही जमत होता. मी लगेच ओरडले असते तर आज ताठ मानेने सांगितलं असतं. मी दहा पावलं गप्प राहिले. मोजली मी ती. अकराव्याला ओरडले, "आर्वो, तिथे जाऊ नकोस. माझा सापळा आहे."

तो थांबला. मागे न वळता म्हणाला, "सकाळीच काढला."

मी म्हटलं, मग तिकडे कशाला चाललायस?

"तू केव्हा ओरडतेस ते बघायला," तो म्हणाला. "उशीर केलास."

मग कपडे घालून आला, बसला, पाव मागितला. गाडीतून माझा सापळा आणून टेबलावर ठेवला, चौकटीत पॉप्लरची जाड फांदी अडकलेली. ती फांदी त्याने स्वतः सकाळी खुपसली होती, सापळा मिटवायला. मधोमध चिरली होती. त्याने सांगितलं, त्या खाचेशेजारी पाणमांजरीची विष्ठा आहे, खेकड्यांच्या कवचांनी भरलेली. तिचं अख्खं कुटुंब तिथून जातं. कसब्यातल्या चौकात सापळा लावावा तसं तू केलंस, असंच त्याला म्हणायचं होतं, पण त्याच्या तोंडून एवढं लांब वाक्य निघत नाही. तो फक्त म्हणाला, "बांधाचा माथा सगळ्यांचा असतो." आणि मग शिक्षा सांगितली. सोमवारपासून तीन दिवस बादलीवर मी बसायचं.

बसले. तुम्ही हसताय, पण तुम्ही त्या बादलीवर बसून बघा, विशेषतः माझ्या रुंदीने. कडा कुठे कुठे उमटते ते घरी गेल्यावर कळतं. मी कागदावर लिहून ठेवलं कोण कोण बांधावरून गेलं. बदकं. एक मिंक, मुंगसाएवढं. एक कासव, ते पोचेपर्यंत माझी दोनदा झोप झाली. पाणमांजर आणि तीन पिल्लं, रांगेत, शाळेत निघाल्यासारखी, शेवटचं रेंगाळणारं. आणि एक इसम, हातात गळ, मासेमारीचा मोसम संपून आठवडा उलटल्यावर. त्याचं नाव मी घेणार नाही. अध्यक्षांना कुणीतरी पाणी द्या.

बीव्हर मात्र त्या खाचेतून एकदाही गेला नाही. तो खालून, मोरीच्या बाजूच्या अरुंद चरातून जात होता. आर्वोने तिथे सापळा लावला, पूर्ण पाण्याखाली, मिशा कडेला. वर एक आडवी काठी, म्हणजे बीव्हर डुबकी मारून खालूनच जाईल. आणि काठावर चिखलाचा एक ढीग करून त्याला परक्या बीव्हराचा वास लावला. का? परक्याचा वास आला की घरमालक तणतणत बघायला येतो. बाकी कुठल्याही जनावराला त्याचं काही पडलेलं नसतं. हे ऐकून मला माझी सासू आठवली, पण ते असो.

चौथ्या दिवशी मी बादलीवरच होते. तशी सवयच लागली होती. पाणमांजर चरात शिरली. मी उठून उभी राहिले. पाणी स्वच्छ होतं, मला सगळं दिसत होतं. ती चौकटीतून कडेने गेली, शेपूट शेवटी. मग एक पिल्लू. मग दुसरं. तिसरं, ते रेंगाळणारं, चौकटीपाशी थांबलं, मिशांना नाक लावलं. मग तेही गेलं. मिशा हलल्याही नाहीत.

नऊ दिवसांत चार मोठे बीव्हर त्याच सापळ्यात. पाणी उतरलं. मोरी पुन्हा बुजवता येऊ नये म्हणून तिच्या तोंडाला आर्वोने जाळीचा पाइप बसवला, आणि सौनाचा भिजलेला ओंडका काढून नवा घातला. मी मजुरी विचारली तर म्हणाला, शनिवार. सौना अजून उभी आहे. तुमच्यातले निम्मे लोक तिच्यात घाम गाळून गेलेत आणि भांडी न धुता गेलेत.

तेव्हा सत्कार कशाचा, ते नीट समजून घ्या. उपद्रवी जनावर ओळखायचं, त्याचा रस्ता ओळखायचा, तेवढंच पकडायचं, आणि इतर कुणाच्या केसाला धक्का लागू द्यायचा नाही. मलाही त्याने असंच पकडलं. मोठ्या आवाजात एक शब्द न बोलता, आणि माझं एकही हाड न मोडता.

आता तो लेकीकडे ॲरिझोनाला चाललाय. गुडघ्यांना थंड पाणी सोसत नाही म्हणे. तिथे पाणीच नाही, तेव्हा गुडघे खूश राहतील. शनिवारी तो काय करणार, ते मी विचारलेलं नाही. मी काय करणार, तेही त्याने विचारलेलं नाही.

मागणं राहिलं. अध्यक्षमहाराज, कुणी पुढे येत नाही असं तुम्ही म्हणालात. मी आले. अर्ज तुमच्या खुर्चीखाली ठेवलाय. शिक्षणाच्या रकान्यात सहावी लिहिलंय, बटाट्यांचा उल्लेख केला नाही. अनुभवाच्या रकान्यात अकरा वर्षं लिहिलंय, कारण त्या ऑक्टोबरनंतर या माणसाने एकही मोरी मला बादलीवर बसवल्याशिवाय उघडली नाही. वय अठ्ठ्याहत्तर. गुडघे त्याच्यापेक्षा बरे. परवान्याची परीक्षा जुलैत पास झाले, कागद जोडलाय. ठेकेदाराला कळवायला तुम्हाला सोमवारपर्यंत वेळ आहे, आणि तोवर निर्णय झाला नाही, तर त्या तीन दिवसांची यादी माझ्याकडे आहे. माझं अक्षर वाईट आहे, पण नावं वाचता येतात.

टाउनशिपने आर्वोला भिंतीवरचं घड्याळ दिलंय. सुंदर आहे. त्याने आयुष्यात कधी वेळ पाहिली नाही, आता पाहील. घड्याळ त्याला, बादली मला. आर्वो, ती गाडीतून काढून ओसरीवर ठेवून जा. उपडी.

आपण सगळ्यांनी पास्टी गार होईपर्यंत मला ऐकून घेतलंत, त्याबद्दल आभारी आहे. स्वयंपाकघरातल्या बायकांचे विशेष आभार, ओव्हन पुन्हा पेटवा. रस्ते खात्याच्या दोन साहेबांनी नाव न घेतल्याचा राग धरू नये. बोलण्यात कुणी दुखावलं गेलं असेल तर मोठ्या मनाने माफ करावं, आणि माफ करायला जमत नसेल त्याने शनिवारी यावं. या शनिवारी आर्वो आहे. सौना पाचला तापलेली असेल.