वऱ्हाडी मंडळी

दातांच्या दवाखान्यात चिठ्ठ्या लिहिता लिहिता नर्सबाईंचे कान बाकावरच्या दाजी आणि मेहुण्याच्या बोलण्याकडे लागले होते. दाजींचा गाल सुजला होता, पण चौकशी थांबत नव्हती.

"काल मोबाइलवरच्या लढाईच्या खेळात तू घोडे थेट माझ्या डावीकडेच कसे घातलेस?"

"अंदाज बांधला. तुम्ही नेहमी अँग्लो-सॅक्सन, म्हणजे जुन्या इंग्रजांची फौज घेता, म्हणजे घोडदळ नाहीच. मधे ढालींची भिंत, एका बाजूला कसलेले कुऱ्हाडवाले आणि दुसऱ्या बाजूला ती वऱ्हाडी मंडळी."

"कोण मंडळी?"

"नांगर सोडून आलेले शेतकरी हो. खायला पुढे, लढायला मागे."

"त्यांना वऱ्हाडी मी म्हणतो. तेही फक्त तुझ्या ताईपाशी."

"असेल. तिच्याकडूनच कधीतरी कानावर आलं असेल."

"ते डावीकडे उभे आहेत, हेही तिच्याकडूनच?"

"दाजी, खेळ आहे तो."

"आणखी काय काय सांगते ती तुला?"

"काही नाही हो. ताईच्या पोटात सगळं राहतं. तुमची नोकरी गेल्याचंसुद्धा तिने कुणाला कळू दिलेलं नाही."

नर्सबाईंना दाजींचा नंबर दोनदा पुकारावा लागला.