मशीनच्या कपाळाला कुंकू

मी मूळचा दिंडोरीकडचा. बाप दुसऱ्याच्या शेतात राबायचा, आन् मी सातपूरला रंगाच्या पावडरीच्या कारखान्यात लागलो, ते त्र्याहत्तर-चौऱ्याहत्तर साल असंल. शाळा सातवी, पन काय सांगू तुम्हाला ताई, नजर लय पक्की. टाकीत दोन औषधांची पानी एकत्र सोडली का त्यात बारीक दाना धरतो, दुधावानी गढूळ होतं, आन् दाना वाढतच जातो. कॉक नेमका कधी बंद करायचा ते मी सांगायचो. काचेच्या नळीत थोडं घ्यायचं, खिडकीसमोर धरायचं, मागचे गज पुसट झाले का बंद. दहा वर्षं हेच केलं, एक माल परत आला नाय. सगळे म्हनायचे, नानाला विचारा.

मग ते मशीन आलं. पाईपाला दोन काचा, एकीकडं दिवा, दुसरीकडं डबा, तो म्हने उजेडाचे रंग वेगळे करतो, आन् कोनता रंग किती अडला त्यावरून दाना केवढा ते कागदावर काढतो. नवे साहेब व्हते, पोरगेलेसे, म्हनले नाना, तुम्हाला आता आरामच हाय. मी मनात म्हनलं, हाय की, घरी बसून. फुकट आराम कोन कोनाला देतं? निवृत्ती माझा जोडीदार, त्याला म्हनलं, हे दान्यावर नाय, आपल्यावर नजर ठेवायला आनलंय. डब्यासमोर आम्ही कामाचं सोडून काही बोलायचो नाय. हसू नका, खरंच वाटायचं, ऐकतंय म्हनून.

दसऱ्याला आमच्याकडं सगळ्या मशिनी पुजतात. पंप झाले, टाक्या झाल्या, याला वगळावं तर बरं दिसंना, आन् भीती बी वाटली, कोपलं तर. झाकन उघडलं, कपाळ कुठं ते कळंना, दिव्यापुढची काच दिसली, तिलाच ओलं कुंकू लावलं, हात जोडले, झाकन बसवलं.

सुट्टीनंतर पहिलाच घाना. कागदावरचा काटा भराभर चढला. साहेब म्हनले दाना तयार, बंद करा. मी नळी धरली तर गज लख्ख दिसत व्हते. म्हनलं साहेब, अजून कच्चा हाय. ते म्हनले, मशीनला काय गरज खोटं बोलायची? बंद केला. अख्खा घाना कच्चा निघाला, फेकावा लागला.

मग झाकन उघडलं, तर काचेवर कुंकू, उजेड त्यानंच अडवलेला. कोनी लावलं? म्हनलं, मी. साहेब आवाज न चढवता म्हनले, नाना, तुम्ही मुद्दाम केलं. मी म्हनलं आईशप्पत, पूजा केली साहेब. कोनी मानंना, निवृत्तीसुद्धा खाली बघत राह्यला. पंधरा दिवसांत मला गोदामात टाकलं, गोन्या शिवायला.

त्याला चार-पाच वर्षं झाली, अजून तिथंच हाय. नळी पुन्हा हातात आली नाय, त्याचं लय वाईट वाटतं. साहेब मानूस भला, त्यांचं चांगलं होवो, भेटले का नमस्कार करतो. राग गेला आता. पन तुम्ही लिहून घेताय तर हे बी लिहा, त्या दसऱ्याच्या दिवशी एकदा मनात आलं व्हतं, हे मशीन आंधळं झालं तर बरं. कुंकू लावायच्या आधी आलं का नंतर, ते मला आठवत नाय.