सुलोचनेचं मागणं राहिलं

आम्ही मूळचे बार्देशातले, पण बापूय माझा पोदेर, पाव भाजणारा, त्यानं डिचोलीत येऊन भट्टी घातली आणि मी इथंच वाढले, इथल्या मराठी शाळेत गेले, म्हणून मी अशी बोलते बघा, अर्धी इथली अर्धी तिथली, कोणाला हसायचं तर हसूं दे. लग्न झालं तेही पोदेराशीच. काय सांगू तुम्हांला, माहेरी पीठ आणि सासरीही पीठच. पण गिऱ्हाईक सगळ्या जगातलं, बाजारवाले, शेतवाले, खाणीवरचे, पाव कोणाला नको म्हणा.

आमच्या भट्टीमागं ट्रक ड्रायव्हरांच्या खोल्या होत्या, कोल्हापूर-बेळगावकडची माणसं. त्यातली सुलोचना माझी जिवाची मैत्रीण. घोव तिचा खनिजाचा ट्रक चालवायचा. ही पाव न्यायला यायची आणि मग परत जायचं नाव नाही, पिंपावर बसून गजाली. मी तिला हिंदू म्हणून बघितलं नाही, तिनं मला किरिस्तांव म्हणून बघितलं नाही, दोघींना बोलायला काय कमी होतं?

तेव्हा भाषेचं आंदोलन पेटलेलं, कोंकणी का मराठी. गोव्याचं राज्य अजून व्हायचं होतं. फळ्यांना डांबर फासलं, बस बंद, काल हसून बोलणारा आज तोंड फिरवून जायचा. त्यातच आमच्याकडे नवा पाद्री आला, तरणाताठा, साखरेच्या तोंडाचा. रस्त्याच्या कडेला आमचा खुरीस, क्रूस, आहे मां, तिथं वर्षाचं लदीन होतं, म्हणजे संध्याकाळी खुरसापुढं जमून गाणी म्हणायची, मागणी मागायची, मग उकडलेले चणे वाटायचे. ह्या पाद्र्यानं आम्हां बायकांना बसवून सांगितल्यान, की यंदा मागचंच परत नको, देवाच्या मनात संवसाराचं काय आहे ते आधी बघा, गाणी आणि मागणी मागीर ठरवा. आणि माझ्याकडे बघून म्हणतो, रोझमाय, हें सगळें तूं ठरय.

आता तो म्हणत होता संवसार म्हणजे जग. मला काय ठाऊक! लहानपणी आमची मीस, इगर्जीतली प्रार्थना, लातिनीत, तिथला असला शब्द कानावर नाही, आणि घरात आम्ही संवसार म्हणायचो तो घरातला संसार, चूल, पोरं, घोव. मी चार दिवस तोच विचार करत बसले, पीठ मळता मळता, की देवाला आमच्या संसाराचं काय करायचं असेल? मग वाटलं, माझ्या एकटीचाच संसार कसा गो, भिंतीपलीकडं सुलोचनेचा नाही काय? तर मी असं ठरवलं, की गाणं थोडं कमी, आणि प्रत्येक बाईनं घरातली एक वस्तू घेऊन खुरसापुढं यावं आणि आपल्या भाषेत आपलं मागणं सांगावं. खोल्यांतल्या बायकांनीही. सुलोचनेनं कळशी आणायची ठरवली. त्यांच्या विहिरीला खाणीचं लाल पाणी यायचं, पोरं तेच प्यायची, कोणी ऐकत नव्हतं. रोझमाय, मला लाज वाटतीया, म्हणाली, आन तुमच्या देवाला मराठी कळतंय न्हवं? म्हटलं, तुझ्या घोवाच्या शिव्या कळतात तर तुझं बोलणं कळणार नाही? हसून हसून लोळली मेली.

पाद्र्याला सांगितलं तर तोही हसला. संवसाराचा घोटाळा त्यानंच उलगडून सांगितल्यान, आणि मी लाजून लाल झाले. मग डोळ्यांत पाणी त्याच्या. म्हणाला, असंच राहूं दे, कोण काय म्हणेल ते मी बघतो. मी जाऊन सुलोचनेला शब्द दिला.

लदीनाला त्या सगळ्या आल्या, न्हाऊन, अबोली माळून. सुलोचना पदराखाली कळशी धरून उभी, ओठ हलतायत, पाठ करत होती. गाणी झाली. पाद्री शेर्मांवाला, प्रवचनाला, उभा राहिला आणि काय सांगू, माझाच घोटाळा सांगितल्यान! संवसार आणि संसार, देवाला जग हवं म्हणजे तुमची आमची चूल हवी, इतकं गोड, की म्हातारे डोळे पुसायला लागले. मला वाटलं आता तो त्यांना बोलावतो. त्यानं हात वर केला आणि बेसांव, शेवटचा आशीर्वाद, देऊन टाकल्यान. संपलं! चणे वाटायला लागले. सुलोचना मला विचारते, रोझमाय, आमची पाळी कवा?

धावत गेले त्याच्याकडे. तो माझ्याकडे बघेना. म्हणे, रोझमाय, दीस कसले आहेत ते बघतेस मां, आज खुरसाकडं मराठी बोललं तर लोक म्हणतील पाद्री मराठीवाल्यांच्या बाजूचा, मागीर बघूं, मागीर. अरे, मग माझा शब्द तरी कशाला वापरलास? शब्द चालला आणि बायका चालल्या नाहीत? मी असं बोलायला हवं होतं. मागं वळले तर सुलोचना कळशी तिथंच रस्त्यावर ओतून चालू लागलेली.

दाराशी गेले, तिनं उघडलं नाही. पाव ती दुसऱ्याकडून न्यायला लागली. तिला वाटलं असेल मीच खोटी, आणि तिला तरी काय दोष देऊ? पुढं राज्य झालं, कोंकणीला मान मिळाला, माझीच भाषा ती, मला आनंद का नाही? पण फटाके वाजायला लागले तशी मी भट्टीचं दार लावून घेतलं. मग कधीतरी खाणी बंद पडल्या, खोल्या रिकाम्या झाल्या. ती गेली तेव्हा सांगूनही गेली नाही.

तो पाद्री आता मोठ्या हुद्द्यावर आहे. गेल्या फेस्ताला, सणाला, घरी आला, केस सगळे पांढरे. म्हणतो, रोझमाय, तुझा तो संसार मी अजून जाईन तिथं सांगतो, लोकांना भारी आवडतो. त्याला चहा दिला, पाव दिला, घरी आलेल्याला काय म्हणणार. जाताना वाकला माझ्यापुढं, माय, तूं आता म्हातारी, बेसांव दी. मी हात ठेवला त्याच्या डोक्यावर. मग म्हटलं, देव सुलोचनेचं बरं करूं.

आमेन, म्हणाला तो, आणि गाडीत बसला. कोण सुलोचना, म्हणून विचारल्यान नाही.