बर्फाला गोधडी

हॅलो? … कोण, सपना? … अगं मोठ्यानं बोल ना, हलगी वाजून राहिली इथं…

हो, हो, पोचला तुझा सहलीचा थंडा डबा. आपल्या सुरजनं सकाळीच जवळा बाजाराहून बर्फ आणला. डब्याएवढा एकच तुकडा, तू सांगितला तसा… न्हाई फोडला. पण काहून गं? … बारीक केला की लौकर वितळतो व्हय? … बरं.

मिरवणूक? चौकात हाय अजून. लिंबाचं सरबत तयार हाय, बर्फ तेवढा टाकायचा… अगं, गेल्या जयंतीला काय झालं ठाव हाय ना तुला? मिरवणूक दारात येईपर्यंत बर्फाचं पाणी! माणसं कोमट सरबत ओठाला लावून गिलास तसाच खाली ठेवत होती… न्हाई, कोणी काही बोललं न्हाई. म्हणून तर जास्त लागलं मला. यंदा बी तसंच झालं तर सोडूनच देईन मी सरबत करणं.

किती राहिला? थांब, बघते… काय? … अगं ओरडतेस काहून! … आता खरं सांगू? लई बार डबा उघडला. मी उघडला, तुझ्या अप्पांनी उघडला, शेजारची भिकाबाई आली, तिनं बी उघडला. वितळला का न्हाई ते बघायला नको? … व्हय? बघितल्यानंच वितळतो? … अगं बाई!

बुडाचं पाणी काढू का? … राहू देऊ? … हो, सावलीतच हाय, रांजणापाशी… काय गुंडाळू? गोधडी? … सपना, डोकं ठिकाणावर हाय ना तुझं? गोधडीनं ऊब येती बाई, बर्फाला कशाला… हं… हं… म्हणजे ऊब तिची नसतीच? आपलीच असती, ती नुसती धरून ठेवती? … न् बाहेरचं ऊन बी आत येऊ देत न्हाई? … जन्मभर गोधड्या शिवल्या गं मी, हे कधी मनातच आलं न्हाई!

अहो, ती लाल गोधडी द्या इकडं… बर्फाला! … हसून राहिले तुझे अप्पा. हसू दे… गुंडाळली बराबर. आता वरच बसते मी… नको भिकाबाई, न्हाई उघडायचा! … सपना, तू बोलत राहा, न्हाई तर माझाच हात जातो झाकणाला. जेवलीस का? तुझ्या दवाखान्यात गर्दी हाय का आज? …

आली! आली गं मिरवणूक! लेझीमवाल्या पोरी पुढं हायेत… उघडू? … भीती वाटून राहिली. नुसतं पाणीच निघालं तर? … तू म्हण, मग उघडते… हं…

… हाय! सपना, हाय गं! अर्ध्याच्या वर हाय! बोटं बधिर झाली बघ हात लावल्या लावल्या… हो, हो, फोडते, थांब…

अगं ऐक ना, या पोरी सरबताला हातच लावंनात! बर्फच मागून राहिल्या. गालाला लावतेत, मानंला लावतेत… थांब गं लेकरा, देते, सगळ्यांना देते… काय म्हणतेस? … मी? … व्हय, मी बी लावला. कपाळाला… हसू नको. ठेव आता, फोन ओला होऊन राहिला.