दादा ‘बरं’ म्हणले

...अन् दादा ‘बरं’ म्हणले! तुम्हाला सांगतो, सख्खा मोठा भाऊ, काकासाहेब, अख्ख्या अंबडमधी ज्यांच्या शब्दाला मान हाय, त्या माणसाला एवढं कळू न्हाई? ‘दादा, तुमी अन् वैनीच जा’ हे मी काय खरंच जा म्हणून म्हणलं का? अहो, म्हणायचं असतं म्हणून म्हणलं!

आपल्याकडं पंगतीत माणूस दोनदा न्हाई म्हणल्याबिगर भात तरी घेतो का? मी म्हणायचं, ‘दादा, तुमी जा.’ त्यांनी म्हणायचं, ‘छे रे मच्छिंद्रा, दुकान तू चालवतो, तूच जा.’ मी परत आग्रह करायचा, त्यांनी परत न्हाई म्हणायचं, वैनीनं मधीच ‘जाऊ द्या की हो त्यांना’ म्हणायचं, मंग मी पाया पडायचं... झालं! अन् ह्यांनी पहिल्याच झटक्यात ‘बरं’!

कापसाचं बियाणं इकलं कुणी? मी! उन्हाळाभर फटफटी हाणून राह्यलो, पार अंतरवालीपोतर, तवा कुठं कंपनीचं टारगेट गाठलं. इनाम काय? घरातल्या एका जोडप्याला मॉरिशस! ज्वालामुखीतून वर आलेलं बेट! समुद्रात बुडी मारून मासे पाह्यचे, इझलेल्या ज्वालामुखीच्या काठावर फोटो काढायचा अन् संध्याकाळी वाळूत टेबल मांडून जेवायचं...

अन् आमच्या घरची, बेबीनंदा... माहेर अन् तुळजापूर सोडून तिनं जग पाह्यलेलं न्हाई. टारगेट पुरं व्हायच्या आधीच हिची तयारी सुरू! ‘अहो, त्यो ज्वालामुखी बिलकुल इझलाय ना? न्हाईतर आपण गेल्यावरच पेटायचा!’ तिथं काट्यानं खातात म्हणून घरात पिठलं काट्यानं खायला लागली. पिठलं! अन् बुडी मारायची म्हणून शेतातल्या विहिरीत पोहायला शिकली, माझी जुनी पँट घालून, पाठीला डालड्याचा डबा बांधून! पहिल्या दिवशी अशी किंचाळली की शेजारचा कडूबा दोरखंड घेऊन पळत आल्ता. पण शिकली हो. एक दिवस डबा सोडून बुडी मारली, वर आली, केसांतून पाणी गळून राह्यलं अन् म्हणती, ‘अहो, मी आत डोळे उघडले! समदं हिरवंगार दिसतं!’ लगीन होऊन इतकी वर्सं झाली, तिला इतकं खूश मी कधी पाह्यलंच न्हवतं.

मंग कंपनीनं नावं मागितली. आता मोठ्या भावाला डावलून आपलं नाव कसं द्यायचं? गेलो त्यांच्याम्होरं. म्हणायचं असतं म्हणून म्हणलं. अन् दादा ‘बरं’ म्हणले.

बेबीनंदा चहा घेऊन दारातच उभी होती, डोक्यावर पदर. मला वाटलं, आता कपबशा पडणार. न्हाई. आत आली, चहा ठिवला अन् दादांना म्हणली, ‘साखर बराबर हाय का?’ एवढंच.

तुमी म्हणाल, तिथल्या तिथं सांगायचं की, दादा, म्हणायचं असतं म्हणून म्हणलं! सांगता येतं का असं? मोठ्या भावाला? गेले की ते! दशम्या हिनंच करून दिल्या, दोघांच्या हातावर दही हिनंच घातलं, अन् वर वैनीला शिकवून राह्यली, ‘अक्का, पाण्यात डोळे मिटू नका बरं का.’ मला तिथं उभं राहवंना. मी आपला रिक्षात बॅगा चढवत बसलो.

काल दादांचा फोन. ‘मच्छिंद्रा, तुझ्या वैनीला समुद्राचं लई भ्या वाटतं रे! खोलीतून बाहेरच निघंना. टीव्ही पाहून राह्यलोत. दशम्या मात्र कामाला आल्या बघ!’

फोन ठिवला. बेबीनंदा भांडे घासून राह्यली होती. जीव तुटला हो माझा. म्हणलं, ‘नको मनाला लावून घेऊ. पुढच्या साली तुला नक्की नेतो.’

तिचा हात थांबला. माझ्याकडं पाह्यलं, रागानं न्हाई, अगदी साधं, अन् इचारलं, ‘हे बी म्हणायचं असतं म्हणूनच ना?’

आता काय म्हणू? न्हाई म्हणलं तरी ते म्हणायचं असतं म्हणूनच वाटणार. तवापासून, तुम्हाला सांगतो, घरात तोंड उघडायचीच चोरी झाली.