जुडीतला कोश

क्रेसेन्झ : जुडी दे इकडे, यूडिथ. पलीकडच्या डोंगरावर काळं झालंय.

यूडिथ : देते. मधली काठी सोडून.

क्रेसेन्झ : मधलीच तर आधी चुलीत जाते. मरिया मातेच्या सणाला फादरनी आशीर्वाद दिलेली झाडपाल्याची जुडी आहे ती, तुझ्या फुलदाणीतला गुच्छ नव्हे. वादळ आलं की तिचा धूर करायचा, म्हणजे गारा टळतात. आठ वर्षं झाली तुला या घरात येऊन, अजून सांगावं लागतं.

यूडिथ : आठ वर्षं ऐकतेच आहे, आई. त्या काठीवर कोश आहे. फुलपाखराचा. सकाळी माळ्यावर दिसला मला.

क्रेसेन्झ : आणि बाहेर सफरचंदाची सहाशे झाडं आहेत. पंधरा दिवसांवर तोडणी आलीय.

यूडिथ : माझ्या बडीशेपेवर सहा अळ्या होत्या. हिरव्या, काळ्या पट्ट्यांच्या. रोज उठून बघत होते मी. सणाच्या आदल्या दिवशी तुम्ही मला न विचारता सगळी बडीशेप कापलीत.

क्रेसेन्झ : जुडीत बडीशेप लागते.

यूडिथ : आणि कोंबड्यांना अळ्या लागतात? पाच टाकल्यात त्यांच्यापुढे, माझ्या डोळ्यांदेखत. सहावी तेवढी तुमच्या हातून निसटली आणि त्या काठीवर जाऊन बसली. तिला जाळू देणार नाही मी.

क्रेसेन्झ : काय जाळायचं ते तू मला शिकवू नकोस. आधीची जुडी कुठे टाकली होतीस? खताच्या खड्ड्यात. आशीर्वादाची वस्तू, बटाट्याच्या सालींबरोबर. गेल्या वर्षी जूनमध्ये गारा आल्या तेव्हा मी धावत माळ्यावर गेले, तर जुडीच्या जागी नुसता खिळा. मथियास बागेत उभा राहून रडला. तीन वर्षांचा झाल्यापासून माझा मुलगा रडला नव्हता.

यूडिथ : मी त्याच्या शेजारीच उभी होते. शेजारच्या फोल्गरांनी तर अख्खी जुडी जाळली होती. त्यांची बाग वाचली का?

क्रेसेन्झ : फोल्गर रविवारी चर्चला येत नाहीत.

यूडिथ : म्हणजे गारा हजेरी बघून पडतात.

क्रेसेन्झ : जीभ आवर.

यूडिथ : वर्षभर आवरली. मथियास एका शब्दानं बोलला नाही मला. तुम्ही मात्र रोज जेवताना. आधी त्या खिळ्याचा विषय काढायचा, मग मीठ मागायचं.

क्रेसेन्झ : ती काठी दे.

यूडिथ : घ्या. तुमच्याच हातानं टाका. पण बघून टाका.

(जवळच गडगडतं. क्रेसेन्झ चष्मा लावून काठी उजेडात धरते.)

क्रेसेन्झ : हललं.

यूडिथ : जिवंत आहे, म्हणून हललं.

क्रेसेन्झ : कळतं मला. बाकीची जुडी टाक चुलीत. झेंडू, दवणा, सगळं. आणि माझ्याबरोबर प्रार्थना म्हण. नुसते ओठ हलवू नकोस.

यूडिथ : आणि काठी?

क्रेसेन्झ : माझ्या हातात आहे ना ती. म्हण.

(यूडिथ बाकीची जुडी चुलीत टाकते; दोघी प्रार्थना म्हणतात.)

यूडिथ : आई, गोठ्याच्या पत्र्यावर वाजतंय.

क्रेसेन्झ : ऐकू येतंय.

यूडिथ : गाराच आहेत. बोला आता, काय बोलायचं ते.

क्रेसेन्झ : खिडकी लाव. आणि ही धर. चुलीजवळ ठेवू नकोस.

यूडिथ : का?

क्रेसेन्झ : लहानपणी मी एक कोश उबेला ठेवला होता. फुलपाखरू वसंताऐवजी नाताळातच बाहेर आलं. खिडकीबाहेर सगळीकडे बर्फ.