ट्रेव्होरोंची टाच

...नाही, तुम्हीच सांगा, टाचेवरून कुणी कुणावर जळतं का? केसांवरून जळतात, उंचीवरून जळतात, आमच्या वर्गातली एक तर मैत्रिणीच्या कुत्र्यावरून जळते. पण टाच? मी जळत होते! सोळा वर्षांची धडधाकट मुलगी मी, सख्ख्या भावाच्या टाचेकडे बघून आतल्या आत धुमसत होते, आणि त्याला कारण आमचं घराणं! आमच्या पोर्ट टॅलनमध्ये 'ट्रेव्होरोंची टाच' एवढं नुसतं म्हणा, समोरचा टोपी मागे सारून म्हणणार, "काय उड्या मारायचे राव ते लोक!" टाचेच्या वर, मागच्या बाजूला ती शीर असते ना, तुमची-माझी सुतळीसारखी? आमच्या पुरुषांची बोटीच्या दोरखंडासारखी, जाड, गाठीगाठींची. आजोबांची तशीच, गार्थकाकाची तशीच, डॅडची तशीच, आणि आता माझ्या भावाची, जोरीचीही फुगायला लागलेली. फुटीच्या, म्हणजे आमच्या ऑस्ट्रेलियन फुटबॉलच्या, सामन्यात दुसऱ्याच्या पाठीवर गुडघा टेकवून हवेत झेपावायचं आणि चेंडू झेलायचा, तर म्हणे अशीच टाच लागते! क्लबाच्या भिंतीवर आजोबांचा फोटो आहे, हवेतला. चेंडू अर्धाच आलाय त्यात, पण टाच पूर्ण आलीये.

आणि मला काय मिळालं? नॅनचं, म्हणजे आजीचं, नाक. त्याला टाच, मला नाक!

घरी कुणीही येवो, डॅड जोरीचा पाय उचलून थेट टेबलावर ठेवणार. "हात लावून बघ गड्या! पोलाद आहे पोलाद!" आणि पाहुणे खरंच हात लावायचे हो, कपातला चहा तसाच ठेवून! मग डॅडचं लक्ष माझ्याकडे जायचं. "आणि ही टॅमसिन. ही... ही वाचते." संपली ओळख! सामन्याला मी गुणफलकाच्या मागे उभी राहून आकडे बदलते. जोरी गोल मारतो, मी आकडा लावते, टाळ्या त्याला. त्याला टाच, मला नाक, आणि फलकामागे नाक तरी कुणाला दिसतंय?

तर झालं काय, जोरीचा घोटा मुरगळला. डॅड त्याला घेऊन आमच्या डॉक्टर विजेसिंघेंकडे निघाला, मागोमाग नॅन, आणि मी आपली पिशव्या धरायला. डॉक्टरांनी घोटा तपासला, तो ठीक होता. पण त्यांचा हात वर सरकला आणि त्या शिरेवरच थांबला.

"हे जाड कधीपासून आहे?"

"तीन पिढ्यांपासून, डॉक!" डॅडची छाती अशी फुगली की शर्टाचं बटण सुटायचं बाकी!

"तुमचे वडील असतात का?"

"गेला म्हातारा. म्हातारा कसला, बेचाळीस. गोल मारला, दोन्ही हात वर केले आणि तिथंच आडवा! भाऊ तर चाळिशीच्या आधीच. कापणीच्या यंत्रावर बसल्या बसल्या! इंजिन चालू होतं तेव्हा. आम्ही ट्रेव्होरो रेंगाळत नाही, डॉक!"

तुम्हाला सांगते, हे आमच्याकडे इतक्या वेळा सांगितलं जातं की मला तो खेळाचाच एक प्रकार वाटायचा. डॉक्टर मात्र हसल्या नाहीत. "क्रेग, तुमचं वय काय?" त्यांनी विचारलं. "एक्केचाळीस. का?" का, ते त्यांनी लगेच सांगितलं नाही. आधी जोरीचं रक्त घेतलं.

आठवड्याने आम्ही सगळे पुन्हा तिथंच. डॉक्टर म्हणाल्या, हा कोलेस्टेरॉलचा वारसा आहे. जन्मापासूनच रक्तात जास्त, व्यायाम करा नाही तर उपास करा, ते हटत नाही. ते टाचेत साठतं, आणि तेच हृदयाच्या नळ्यांत साठतं.

"म्हणजे ही... चरबी?" डॅडचा आवाज एकदम बारीक.

"चरबीच म्हणा."

तीन पिढ्यांचं पोलाद! क्लबाच्या भिंतीवर चौकटीत बसवलेली चरबी! मला असं हसू फुटणार होतं... तेवढ्यात नॅन हळूच म्हणाली, "मी तेल चोळायचे गं तुझ्या आजोबांच्या टाचेला. दर सामन्याआधी." मग हसू कुठलं फुटतंय?

डॉक्टर म्हणाल्या, जोरीला रोज गोळी, आयुष्यभर. गोळी घेतली तर म्हातारा होईल, नातवंडं बघेल. आणि रक्ताच्या प्रत्येक नातेवाइकाने तपासून घ्यायचं. वडिलांकडून आलं असेल, तर मुलांना शक्यता अर्धी अर्धी. "टॅमसिन, तुझंही बघू."

माझंही! अहो, माझं काळीज असं उडालं, लाज वाटते सांगायला, पण भीतीनं नाही... आशेनं! जोरीचं तर पुन्हा कौतुक सुरू झालं होतं. शेजारच्या काकू वाफवलेला मासा घेऊन येतात, क्लबातल्या मुली "कसा आहेस रे?" म्हणून डोळे भरून विचारतात. आजारपणातही पहिला नंबर! मी दंड पुढे केला आणि मनात म्हटलं, देवा, टाच नाही तर नाही, निदान रक्त तरी यांचं निघू दे!

डॅडला मात्र स्वतःचं रक्त तपासायला वेळच नव्हता. बार्लीची पेरणी आहे, मग उपांत्य सामना आहे, मग मेंढ्यांची लोकर आहे. "मला झालंय काय? बैलासारखा आहे मी!"

माझा निकाल आणायला त्याने मला गाडीतून सोडलं खरं, पण स्वतः बाहेरच, इंजिन चालू ठेवून. आत डॉक्टर हसत म्हणाल्या, "एकदम स्वच्छ! सुटलीस बघ तू!"

मी भोकाड पसरलं. त्यांना वाटलं आनंदाश्रू. कपाळ माझं! रडत बाहेर आले तर डॅड पांढराफटक. "आहे? तुलाही आहे?"

"नाहीये!"

"मग रडतेस कशाला, येडे?"

आणि मग तुम्हाला सांगते, सोळा वर्षांत बोलले नव्हते तेवढं एका दमात बोलले. "कारण तुझ्याकडून मला काहीच मिळालं नाही! त्याला टाच, मला नाक! आणि आता तर मी जगणार, म्हातारी होणार, आणि तू? तू हात वर करून आडवा होणार! मग भिंतीवर तुम्ही सगळे हवेत, आणि खाली मी एकटी! पाहुण्यांना काय सांगू? हे माझे डॅड, यांना वेळ नव्हता?"

डॅडने इंजिन बंद केलं, उतरला, आणि बाही वर सारत आत गेला.

त्याचा आकडा डॉक्टरांनी दोनदा वाचला. लगेच शहरात पाठवलं. हृदयाच्या दोन नळ्या जवळजवळ बुजलेल्या, त्यांत स्टेंटच्या जाळ्या बसवल्या. घरी आला तो हळूहळू चालत, पण आला.

आता आमच्याकडे रोज सकाळी बापलेक पाण्याचे ग्लास एकमेकांवर आपटून गोळ्या घेतात, आणि आकड्यांवरून भांडतात. "माझा निम्म्यावर आला!" "माझा त्याहून खाली, म्हाताऱ्या!" म्हणजे तिथेही सामना, आणि मी तिथेही बाहेरच! आणि डॉक्टरांनी एवढं सांगितलं, की नुसत्या खाण्याने हे जात नाही, मुख्य ती गोळी, तरी नॅनने सगळा राग स्वयंपाकघरावर काढलाय. खिम्याची भलीमोठी करंजी असते ना, ती पास्टी बंद, लोणी बंद, मटणाचे चॉप्स बंद. एकच पातेलं चुलीवर, ओट्सचं, सगळ्यांना तेच. काल मी धीर करून म्हटलं, "नॅन, माझं रक्त स्वच्छ आहे, मला एखादी पास्टी..."

नॅनने वाडगा माझ्यापुढे सरकवला. "खा मुकाट्याने. ट्रेव्होरो आहेस ना तू?"

खाल्ले. मीठसुद्धा नव्हतं हो त्यात.